घामाची वही: सात रविवारांची डोकेदुखी सुटली

मंडळी, लांब धावल्यावर दुपारी डोकं दुखतं ते पेयात सोडियम कमी पडतं म्हणून, असं मला वाटत होतं, आणि मागच्या नोंदीत मी 'मिठाचा हिशोब जमला' असं छातीठोकपणे लिहिलं होतं. ते मागे घेतो. त्यानंतरच्या रविवारी दोन तासांच्या लाँग रननंतर दुपारी पुन्हा तेच झालं. कपाळाच्या मागे ठणका, पोटात पाणी डचमळतंय, अंगठी बोटातून निघेना. सलग सातवा रविवार. आता मात्र कारण हाती लागलंय असं वाटतं, म्हणून हातातलं सगळं बाजूला ठेवून लिहायला बसलो.

आधी सायट्रेटचा किस्सा. धावताना प्यायचं माझं मिश्रण तुम्हाला पाठ आहे: लिटरला 1 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट (सायट्रिक अॅसिडचा सोडियम क्षार), 0.3 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 40 ग्रॅम साखर. मिठातून साधारण 17 मिलिमोल (कण मोजायचं रासायनिक एकक) सोडियम, सायट्रेटमधून 15, म्हणजे लिटरला 32. सगळंच सोडियम मिठातून घेतलं तर तिसऱ्या घोटाला नकोसं होतं. सायट्रेटने खारटपणा बोचत नाही, म्हणून मी त्याच्यावर एवढा जीव टाकतो. तर झालं असं, की पाकीट संपलं आणि दुसऱ्या विक्रेत्याकडून नवीन मागवलं. त्या पाकिटाचं पेय छान आंबट लागायचं. मला आवडलंही. शंका यायला तीन आठवडे गेले, कारण ट्रायसोडियम सायट्रेट आंबट लागतच नाही. वाटीत चिमूटभर पावडर घेतली, तेवढाच खाण्याचा सोडा घातला आणि वर चमचाभर पाणी टाकलं. फसफसून फेस वाटीच्या काठापर्यंत आला. पाकिटात सायट्रिक अॅसिड होतं, सोडियमचा त्यात एक कणही नाही. म्हणजे तीन आठवडे मी 32 समजून 17 मिलिमोलचं पाणी पीत होतो. लेबलवर एक आणि आत दुसरंच देणाऱ्या विक्रेत्याकडून मी पुन्हा काही घेणार नाही. तुम्हीही नवीन पाकीट फोडलं की ही फेसाची चाचणी कराच, अर्धं मिनिट लागतं.

मला वाटलं, सापडलं! खरं सायट्रेट आणलं, 0.01 ग्रॅमच्या काट्यावर सगळं मोजून भरलं आणि 'हिशोब जमला' ती नोंद लिहिली. आणि सातव्या रविवारी डोकं पुन्हा ठणकलं.

त्या दुपारी अंधार करून पडलो होतो तेव्हा लक्षात आलं, की मी उन्हाळ्यानंतर धावण्याआधी-नंतर वजनच केलेलं नाही. घाम-दर एकदा काढला, 1.45 लिटर प्रति तास, आणि त्यालाच धरून बसलो. त्याच्या ऐंशी टक्के, म्हणजे तासाला 1.15 लिटर, हा माझा पिण्याचा बेत. दोन तासांना 2.3 लिटर. घड्याळ दर पंधरा मिनिटांनी मनगटावर थरथरायचं आणि मी तहान असो-नसो घोट घ्यायचो.

वही उघडली. उन्हाळ्यातल्या त्या चाचणीच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: 'उठल्या उठल्या 74.60. मग आवरून 60 मिनिटं, पाणी नाही. नंतर 73.15.' 'आवरून' या एका शब्दात सगळी गोम होती. वजन आधी, लघवी नंतर! सकाळची पहिली लघवी मी त्या दिवशी घामात धरली होती. ती किती असते हे आता तीन सकाळी मापाच्या भांड्यात मोजलं: 360, 400, 380. म्हणजे 31 अंश तापमानातसुद्धा माझा खरा घाम-दर 1.07 च्या आसपास होता, आणि आता सकाळी 19 अंश असतात.

पुढच्या रविवारी पूर्वीसारखंच पाणी पीत, पण नीट मोजून धावलो. लघवी उरकून, उघड्या अंगाने वजन 74.10. प्यायलो 2.30 लिटर. वाटेत एकदा लघवी, 250 मिली. परत आल्यावर टॉवेलने कोरडं होऊन 74.45. दोन तास धावून माझं वजन 350 ग्रॅमने वाढलं होतं. काट्यावरून तीनदा उतरून चढलो, आकडा तोच. हिशोबाने दोन तासांत 1.70 लिटर गेले, म्हणजे तासाला 0.85. मी पीत होतो 1.15.

त्यातही ते 0.85 म्हणजे सगळा घाम नव्हे. श्वासातून वाफ जाते, जळलेल्या इंधनाचं वजन जातं आणि ग्लायकोजेनसोबत (स्नायूंतल्या साखरेच्या साठ्यासोबत) साठलेलं पाणी मोकळं होतं. म्हणून लांब धावल्यावर वजन जेवढ्यास तेवढं आलं तरी पाणी जास्तच झालेलं असतं, आणि वाढलं तर निश्चितच. मी मात्र इतके दिवस 'वजन राखणं' हेच ध्येय मानत होतो.

मग मीठ वाढवूनही फरक का पडला नाही? रक्तातलं सोडियम 135 ते 145 मिलिमोल. माझं पेय 32. बाजारातली बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंक्स तर 20 च्या आसपास. गरजेपेक्षा जास्त प्यायलो की यातलं कुठलंही पेय रक्त पातळच करणार, फक्त कमी-अधिक वेगाने. एरवी बसल्या जागी मूत्रपिंडं तासाला पाऊण-एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. धावताना मात्र श्रमामुळे, मळमळीमुळे व्हॅसोप्रेसिन हे लघवी रोखणारं संप्रेरक स्रवत राहतं आणि पाणी अडकून पडतं. सोडियम फार उतरलं की पाणी पेशींमध्ये शिरतं, मेंदू सुजतो, आणि पहिली तक्रार डोक्याची. मला नेमकं तेच झालं असं मी म्हणणार नाही, रक्त तपासलेलं नाही. बोटं तर नुसत्या धावण्यानेही सुजतात. पण पाणी कमी केलं आणि त्यानंतरचे दोन्ही रविवार डोकं शांत राहिलं. तुमच्यापैकी कुणाला धावल्यावर डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या, बोलण्यात गोंधळ वाटला, तर आणखी पाणी पाजू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

'जास्त पाण्याने सोडियम उतरणं हे बायकांना किंवा अगदी हळू धावणाऱ्यांना होतं, आपल्याला नाही' असं आपल्या गटात सर्रास बोललं जातं. मीही बोललोय. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं होतं. 13 टक्क्यांचं सोडियम 135 किंवा त्याखाली निघालं, तिघांचं 120 किंवा त्याखाली. नुसते आकडे पाहिले तर स्त्रिया जास्त दिसत होत्या. पण धावताना वाढलेलं वजन, चार तासांपेक्षा जास्त लागलेला वेळ आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) हिशोबात धरल्यावर स्त्री-पुरुष हा फरक उरला नाही. सगळ्यात ठळक निघालं ते वाढलेलं वजन. माझ्या काट्यावर दिसलं तेच.

गेले दोन रविवार तहानेवर प्यायलो. घड्याळाची थरथर बंद. दुसऱ्या वेळी 850 मिली लागले, वजन 74.20 वरून 73.40, एक टक्क्याच्या थोडं वर घट. शेवटच्या तीन किलोमीटरांत पेस (धावण्याचा वेग) उलट सुधारला. दुपारी मुलाबरोबर दोन तास कॅरम खेळलो. इतक्या आठवड्यांनी रविवारची दुपार मिळाली, त्याचा आनंद मला कुठल्याही पर्सनल बेस्टपेक्षा मोठा वाटतो.

याच झटक्यात रोजचं 'चार लिटर पाणी प्या' अॅपही काढून टाकलं. युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा पुरुषांसाठीचा आकडा दिवसाला 2.5 लिटर आहे, तोही जेवणातलं पाणी धरून. रात्री दोनदा उठत होतो, चाळिशीनंतर प्रोस्टेटच असणार म्हणून धास्तावलो होतो. संध्याकाळी सातनंतरचा लिटरभर बंद केला आणि सलग नऊ रात्री एकदाही उठलो नाही. तुमचं तसं थांबलं नाही, तर डॉक्टरांना दाखवायला लाजू नका.

साधनांबद्दल दोन शब्द. 0.01 ग्रॅमचा छोटा काटा घ्याच, विशेषतः पोटॅशियम क्लोराइड अंदाजाने टाकण्याची गोष्ट नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालूच नका. स्मार्ट काट्यावरची 'शरीरातील पाणी' टक्केवारी मी पाहणं सोडलं. धावून 350 ग्रॅम वाढलो त्या दिवशी ती म्हणत होती, पाणी कमी आहे. लघवीचा रंग ठीक, पण बी-व्हिटॅमिनची गोळी घेतलेल्या दिवशी पिवळाजर्द दिसणारच, तेव्हा त्यावरून पाण्याचा अंदाज बांधू नका.

पुढचा बेत घामातलं सोडियम मोजणारी पॅच मागवायचा होता. पण हे लिहितानाच वाटतंय, ती थांबू दे. घामाचा वेग वाढला की त्यातलं सोडियमही वाढतं, गरम हवेची सवय झाली की दीड-दोन आठवड्यांत ते कमी होतं. एका दिवसाचा आकडा घेऊन पुन्हा पाच महिने त्यालाच धरून बसायचं, तर 1.45 वरून मी शिकलो काय? त्यापेक्षा आधी घाम-दराचा तक्ता करतो: तीन तापमानं, दोन पेस, प्रत्येकी दोनदा. बाटलीही मिलीच्या रेघांवर न मोजता काट्यावर तोलणार, आधी आणि नंतर. आणि आत्ता सुचलं, पायमोजे-शॉर्ट्सही वेगळे तोलून बघतो. किती घाम कपड्यांतच राहतो ते कळेल, म्हणजे जे कपड्यांसकट वजन करतात त्यांचा आकडा कितीने चुकतो तेही सांगता येईल.

पहिली फेरी उद्याच, सावकाश पेसने. मापाचं भांडं बाथरूममध्ये ठेवलंय, आणि वहीच्या नव्या पानावर वजनाच्या रकान्याआधी लघवीचा रकाना आखलाय.