निपाणीची कादंबरी : नवव्या प्रकरणाची गाठ सुटली

माझ्या कादंबरीतले शेवंता आणि दत्ता, एकमेकांवर जीव असून का तुटतात, ते सापडलं! आधी मी दत्ताच्या बापाला त्यांच्या आड आणलं होतं. मागच्या वेळी "बाप आडवा येतो हे पटत नाही" म्हणून तुम्ही लावून धरलं होतं ना, तो बाप बाजूला झाला. आता तो तंबाखू पिकवतो आणि पोरावर जीव टाकतो, एवढंच.

सगळ्यात जास्त छळलं ते सीमेनं. बेळगाव जिल्ह्यातली प्रेमकथा म्हटली की 1956 ची राज्यांच्या सीमेची रेघ हाताशी तयारच असते. तो कागलचा, ती निपाणीची, मध्ये दुधगंगा. लिहायला सोपं. पण त्या रेघेनं आपल्याकडच्या सोयरिकी कधी थांबवल्या? एकीचं माहेर तिकडं, सासर इकडं, आणि बाजाराला सगळेच कोल्हापूरला. रेघ शाळेत आणि नोकरीत टोचते, घराच्या उंबऱ्यात तेवढी नाही. म्हणून दत्ताला अलीकडं आणला. निपाणीजवळच्याच खेड्यातला, तंबाखूवाल्याचा पोरगा. शेवंता तंबाखूच्या वखारीत, तंबाखू चाळायच्या कामावर.

आणि काळ नेला 1981 ला. तेव्हा निपाणी चिकोडी तालुक्यात होती. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. माझा दत्ता त्या रस्त्यावर बसतो. रस्ता अडला, माल हलेना, आणि शेवंताच्या वखारीला कुलूप लागतं. घरात चूल तिच्या मजुरीवर. दत्ताचं आंदोलन खरं आहे हे तिला पटतं, भाकऱ्याही तीच थापून पाठवते. तरी आठवड्याचा बाजार होत नाही तो नाहीच. शेवटी मामा तिला इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला घेऊन जातो. कुणाचीच चूक नाही, म्हणूनच ते तुटणं मला खरं वाटतंय.

सगळ्यात आवडलेला तुकडा सांगते. वखारीत काम करणाऱ्या बाईच्या केसांतून तंबाखूचा वास जात नाही, शिकेकाईनं कितीही न्हाऊ दे. दत्ता तिला गर्दीत त्या वासानं ओळखतो, जवळ आली की शिंकतो, ती हसते. आंदोलनाच्या दिवसांत ती रस्त्यावर भाकरी द्यायला येते, शेजारी बसते, आणि त्याला शिंक येत नाही. घरात काय चाललंय ते त्याला तिथं कळतं. ती म्हणते, "वखार बंद हाय, अजून काय सांगू?" हे लिहून झाल्यावर त्या दिवशी पुढं काही लिहावंसंच वाटलं नाही.

हे सगळं वहीत लिहिलंय. संवाद तर हातानंच लिहावेत.

पुढचं प्रकरण पावसाळ्यातल्या निपाणीत ठेवणार होते. पण लिहिता लिहिता वाटतंय, शेवंताबरोबर इचलकरंजीला जावं. मागांच्या खडखडाटात ती मोठ्यानं बोलायला शिकते, आणि दत्ता भेटायला येतो तेव्हा तिचा आवाजच त्याला परका वाटतो. हो, असंच करते. मग दहावं आणि अकरावं एकत्र होईल.

कुणाच्या घरी त्या काळात वखारीत काम केलेली आजी-मावशी असेल तर एक विचारा : मजुरी रोजची मिळायची की आठवड्याची? बाजाराचा प्रसंग त्यावरच अडलाय.