पान चुरगाळून बघ

परवा रात्री लाइट गेली आणि सासूबाईंना नेमकं तेव्हाच काळ्या चहात घालायला मकरूतचं पान हवं झालं, तर मी टॉर्च न घेता परसात गेले आणि नुसत्या हाताने चाचपडत बरोब्बर तेच पान तोडून आणलं. स्वतःचंच एवढं कौतुक वाटलं ना मला, की म्हटलं आता लिहूनच टाकू.

मकरूत म्हणजे थाई करीत पान घालतात ते लिंबू. पान हाताला लागलं की कळतंच, मध्ये चिमटा काढल्यासारखी एकापुढे एक दोन पानं जोडलेली. खरं तर ते एकच पान असतं, मागचा भाग म्हणजे देठाला फुटलेले पंख. हे पंख म्हणजे लिंबूवर्गाचं आधार कार्ड, हे मला कळलं परसात कुंड्यांतून नाना जातींची लिंबं लावायला लागल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात. कुंड्यांवर परमनंट मार्करने लिहिलेली सगळी नावं जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच धुऊन गेली. (गोव्यातल्या फोंड्याचा पाऊस तो, परमनंट काय घेऊन बसलात.) एकोणीस कुंड्या, एकीवरही नाव नाही. मग एकेक पान चुरगाळायचं आणि नाकाला लावायचं, दुसरं करणार काय. तोरंजनाचं, म्हणजे पपनसाचं, पान थोराड आणि पंख चांगले रुंद, बदामी आकाराचे. म्हाळुंगाला (ते मोठं, जाड सालीचं लिंबू) पंखच नाहीत, देठ नुसता. कागदी लिंबाचे असून नसल्यासारखे. फिंगर लाइमचं, म्हणजे बोटासारखं लांबट फळ येतं त्या लिंबाचं, पान माझ्या नखाएवढं पण काटे असे की कुंडी हलवायची म्हटलं तर नवरा लांबूनच नमस्कार करतो. आणि गंधराज, ते बंगालचं लिंबू, त्याच्या पानावरून बोट फिरवलं तरी जेवताना बोटाला वास येतो आणि मग बांगडा खातेय की लिंबू तेच कळत नाही.

लोक येतात आणि पहिला प्रश्न, "फळं किती लागतात?" चार वर्षांत सात. त्यातली तीन कागदीची. मग ते असं बघतात ना माझ्याकडे.

आता गोव्यात हे खूळ करायचं म्हणजे पावसाशी भांडण आलंच. लिंबाच्या मुळांना पाय ओले ठेवून उभं राहायला अजिबात आवडत नाही, पाणी साचलं की बुंध्याशी बुरशी धरते, सालीतून डिंक गळायला लागतो आणि तो दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. दोन झाडं अशी घालवल्यावर सगळ्या कुंड्या चिऱ्यांवर चढवल्या, मातीत निम्मी तरी चिऱ्याची खडी घातली. वरून पानांवर लिंबाचं फुलपाखरू अंडी घालतं, अळी लहान असताना थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार, आणि हात लावला तर डोक्यातून दोन शिंगं बाहेर काढून असा काही वास सोडते की शहाण्याने मागे व्हावं. मी मारत नाही, उचलून कागदीवर नेऊन सोडते. कागदीवर हा अन्याय आहे, मान्य.

सगळ्यात मोठी फजिती फिंगर लाइमचीच. पहिलं रोप ऑनलाइन मागवलेलं, जोरात वाढलं, पानं मोठी मोठी यायला लागली, मी खूश की आमची हवा मानवली. तीन वर्षांनी फळ धरलं तेव्हा बोटाएवढं वगैरे काही नाही, चांगलं खडबडीत पिवळं लिंबू! कलम करताना भरलेला फिंगर लाइमचा डोळा (कोंबाची कळी) कधीच मरून गेला होता आणि खालची जंबेरी, ज्या लिंबाच्या खुंटावर कलम बांधतात ती, वर आली होती. म्हणजे तीन वर्षं मी शेणखत घालून, निंबोळी पेंड घालून नुसता खुंट वाढवत होते. तेव्हापासून कलमाच्या सांध्याखाली फुटलेला कोंब दिसला की नखाने तिथल्या तिथे खुडते.

यांची वंशावळ पण मजेशीर आहे बघा. पपनस, संत्र्यांचं जुनं कूळ आणि म्हाळुंग, ही जुनी मोठी घराणी, बाजारातली बरीचशी मंडळी त्यांच्याच सोयरिकीतून आलेली. मोसंबी पपनस आणि संत्र्याकडची. कागदी लिंबाची आई फिलिपिन्सकडची एक जंगली बाई आणि बाप म्हाळुंग. पिवळ्या लेमनचाही बाप म्हाळुंगच. हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात आहे ते, उगाच नाही." यावर मी काय बोलणार.

पण ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं ते झाड कुंडीत नाही, विहिरीजवळ आहे. सात वर्षांपूर्वी चवथीच्या माटोळीला (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून सजवतात ती चौकट) बांधलेलं तोरंजन उतरवलं, खाल्लं आणि एक बी सहज मातीत खुपसली. नंतर वाचलं की कागदीच्या एका बीतून दोन-तीन अंकुर येतात आणि बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात, पण पपनसाच्या बीतून एकच येतो आणि तो कुणावर जाईल ते त्याचं त्यालाच ठाऊक. हे आमचं झाड माझ्या डोक्यावर दोन हात गेलंय, फूल नाही. शेजारच्या काकी दर वर्षी विचारतात, "फळ केन्ना लागतलें गो?" पान चुरगाळलं तर तोरंजनाचा वास येतो आणि मागून अजून काहीतरी येतं, नारिंगाकडचं, नीट पकडता येत नाही. अंधारातसुद्धा ओळखेन मी ते, पण नाव लिहायचं म्हटलं तर काय लिहू?

या चवथीला सासूबाईंनी बाजारातूनच तोरंजन आणलं, नेहमीसारखं घासाघीस करून. माटोळी उतरवल्यावर मुलांनी ते संपवलं. बिया तेवढ्या सासूबाईंनी धुऊन एका वाटीत काढून ठेवल्यात, वाटी अजून ओट्यावरच आहे, आणि कुंड्या ठेवायला परसात आता जागा नाही.