मिरजेहून सवाईला, पाच दिवस

रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमाराला पुण्यात मुकुंदनगरच्या मांडवात शुद्ध सारंग राग सुरू झाला. बाहेर डिसेंबरचं ऊन, आत कापडातून गाळून आलेला पिवळसर उजेड, भारतीय बैठकीत अजून बरीच जागा मोकळी. पंचम स्वरावरून खाली येताना शुद्ध मध्यमाचा एक हलका स्पर्श झाला आणि शेजारी बसलेल्या मावशीने डोळे न उघडता माझं मनगट धरलं. "सारंग असा दुपारी ऐकायचा असतो गं," एवढंच म्हणाली. पाच दिवसांत खूप काही ऐकलं, पण कुणी विचारलं की सवाईला कधी जाऊ, तर मी आधी ही रविवारची दुपार सांगते.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघी सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला पाचही दिवस बसलो. कोणाचं गाणं कसं झालं ते वर्तमानपत्रांतून सविस्तर येतं, म्हणून मी कलाकारांची नावं घेऊन परीक्षण लिहीत नाही. पुढच्या वर्षी बाहेरगावाहून जाणार असाल तर उपयोग होईल असं, आणि मनात राहिलं ते, लिहिते.

मिरजेहून सवाईला जाण्यात आम्हाला एक वेगळाच आनंद असतो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर आमच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांचे शिष्य. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. गुरू १९५२ मध्ये गेल्यावर पंडितजींनी दुसऱ्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांच्या स्मृतीसाठी हा उत्सव सुरू केला आणि आर्य संगीत प्रसारक मंडळाने तो आजवर चालवला. २०११ मध्ये पंडितजी गेले, त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. मावशीच्या दृष्टीने ही सगळी घरचीच माणसं. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती दर्ग्यात जाऊन आली, हे तिने मला एसटीत बसल्यावर सांगितलं.

हो, एसटीनेच या. मिरज-सांगलीकडून येणाऱ्यांना रेल्वे आहे, पण एसटी थेट स्वारगेटला उतरवते आणि तिथून मुकुंदनगर रिक्षाने अगदी जवळ. तिथल्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात २०१८ पासून महोत्सव होतो. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहेच, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. मावशी शहात्तरची, तेव्हा दोघींचं जाणं-येणं मिळून माझ्या दोन अर्ध्या तिकिटांत झालं. आधार कार्ड हाताशी ठेवा. पुण्यातच शिवाजीनगर किंवा डेक्कनच्या बाजूला उतरला असाल तर आता मेट्रो स्वारगेटपर्यंत येते. संध्याकाळच्या गर्दीत रिक्षात अडकून पहिला कलाकार चुकवण्यापेक्षा ती बरी. परतीसाठी मात्र शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा.

राहण्याचं सांगते, कारण आमची फसगत झाली. फोनवर खोली ठरवली होती. पोचलो तेव्हा ती दुसऱ्याला दिलेली. मावशीला बॅगांवर बसवून मी तासभर फिरले, तेव्हा एक बरी खोली मिळाली, आणि त्या गडबडीत बुधवारची सुरुवातीची सनई आमच्या हातून गेली. त्याची चुटपुट अजून आहे. डिसेंबरात पुण्यात लग्नसराई असते, खोल्या लवकर भरतात. थोडे पैसे आधी भरा, पावती घ्या, आणि शक्यतो स्वारगेट-मुकुंदनगरच्या चालत जाण्याच्या टापूतच राहा. पाच दिवस रोज सहा-सात तास बसायचं असतं, मध्ये तासभर पाठ टेकता आली तर फार फरक पडतो.

तिकिटांमध्ये खुर्चीची आणि भारतीय बैठकीची अशी सोय असते. पाच दिवसांचं एकत्र काढता येतं, रोजचंही मिळतं. बैठक सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यात चांगली. तिथे शेजारचा माणूस ठेका धरतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अनोळखी माणसाशी नजरानजर होते, कोणीतरी डबा उघडून तिळाची वडी पुढे करतं. पण गुडघे दुखत असतील तर हट्ट करू नका. मावशीसाठी आम्ही दोन दिवस खुर्ची घेतली होती, शनिवार-रविवार ती स्वतःहून बैठकीत आली. बसायला जाडसर सतरंजी, पाठीला छोटी उशी, आणि संध्याकाळनंतर शाल-कानटोपी हवीच. मैदान उघडं आहे, आठनंतर गारठा पायांतून वर चढतो. पायमोजे विसरू नका. मी विसरले, आणि गुरुवारी लक्ष्मी रोडला जाऊन घेतले.

आता कार्यक्रमाच्या वेळांबद्दल, कारण माझं मुख्य सांगणं तेच आहे. बुधवार ते शुक्रवार दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपतं. शनिवारी बारापर्यंत परवानगी असते. रविवारी दुपारी बाराला सुरू होऊन रात्री दहाला सांगता. बहुतेक लोक पत्रिकेतली मोठी नावं बघतात आणि साडेसात-आठला येतात. ते चुकतात असं मला मनापासून वाटतं. आपल्या संगीतात प्रत्येक रागाची ठरलेली वेळ आहे. सवाईतला सगळ्यात मोठा ऐवज आता दुपार ते संध्याकाळ या तासांत आहे, आणि त्याच वेळी मांडव अर्धा रिकामा असतो.

एरवी मैफली संध्याकाळी सातला सुरू होतात. यमन, बिहाग, बागेश्री भरपूर कानावर पडतात. पण भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती हे दुपारचे राग समोर बसून किती वेळा ऐकायला मिळतात? सारंगाचे प्रकार तर त्याहून दुर्मिळ. दुपारचं पहिलं सत्र बहुधा तरुण कलाकाराचं असतं. त्याच्यासाठी सवाईचा स्वरमंच म्हणजे आयुष्यभराची गोष्ट, तो जीव ओतून गातो. गुरुवारी अशाच एका तरुण मुलीने मुलतानी गायला. कोमल गांधारावरचा तो आंदोलित थांबा, मग तीव्र मध्यमाकडे ओढ घेणारी चढण, आणि आरोहात रिषभ-धैवत टाळून जाताना होणारी तगमग. ऊन कलत होतं, मांडवाच्या कडेने सावल्या लांब होत होत्या, आणि गाणं त्याच गतीने चाललं होतं. अशा वेळी राग आणि वेळ यांचं नातं कोणी समजावून सांगावं लागत नाही.

त्याच संध्याकाळची आणखी एक गोष्ट. मुलतानी संपला, मंचावर पुढच्या गायकाची मांडामांड चालली होती, लोक चहाला उठले होते. दोन तंबोरे लावायचं काम सुरू होतं. मावशीचं माहेर मिरजेच्या सतारमेकर गल्लीजवळ, लहानपणापासून जवारी काढताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून आवाज खुलवताना, पाहिलेली. तिने मला बसवून ठेवलं, म्हणाली, "आता ऐक." आधीच्या गायिकेचा तंबोरा पंचमात होता. हा गायक पहिली तार खाली-वर करत पंचम सोडून निषादावर आणत होता. खुंटी थोडी पिळली, मग भोपळ्यावरचा मणी बोटाने रेसभर सरकवला, मग घोडीवर तारेखालचा दोरा पुढे-मागे केला. एका क्षणी तार नुसती वाजायची थांबली आणि बोलायला लागली. षड्जाभोवती गुंजन उभं राहिलं. "पंचम काढला. मारवा नाहीतर पूरिया," मावशी म्हणाली. पाच मिनिटांनी निवेदकाने पूरिया जाहीर केला. दोन्ही रागांत पंचम वर्ज्य, म्हणून तंबोऱ्यात निषाद. तेव्हापासून मी दोन कलाकारांच्या मधल्या वेळात उठत नाही. तुम्हीही एकदा बसून बघा. मंचावरची हालचाल दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर कधी दिसते, कधी नाही. कानांना मात्र सगळं कळतं.

चहा-खाण्यासाठी म्हणून उठायचंच असेल तर कलाकार बंदिशीच्या मध्यात असताना उठू नका, आणि पहिल्या कलाकाराच्या आधीच खाऊन घ्या. मागच्या बाजूला स्टॉल असतात, वडापाव, साबुदाणा खिचडी, कॉफी सगळं मिळतं, पण सात-आठच्या दरम्यान रांगेत अर्धा तास जातो. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती. जुन्या मैफलींच्या छायाचित्रांचं प्रदर्शनही असतं, ते मात्र निवांत बघा. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, कुमार गंधर्व, बिस्मिल्ला खाँ ही सगळी माणसं याच उत्सवात बसून गायली-वाजवली, हे फोटोंसमोर उभं राहिल्यावर अंगावर येतं.

शुक्रवारी मन खट्टू झालं. शेवटचे कलाकार मंचावर आले तेव्हा उशीर झाला होता. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, खुलायला लागलं, आवाज तापला, आणि घड्याळ पावणेदहावर. त्यांनी द्रुत, म्हणजे जलद बंदिश, आटोपशीर घेतली, दहाच्या आत नमस्कार केला. लोक "अजून, अजून" म्हणत राहिले. नियम नियम आहे, ध्वनिक्षेपक दहाला बंद करावा लागतो, आसपास घरं आहेत, आजारी माणसं आहेत, हे सगळं मान्य. तरी वाईट वाटलंच. मावशी महोत्सव रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा त्या दिवसांतली. तेव्हा उत्सव तीन रात्रींचा असायचा, रात्र रात्र चालायचा. ती आणि तिच्या मैत्रिणी घोंगड्या घेऊन जायच्या. पंडितजी शेवटी गायला बसायचे तेव्हा उजाडायला आलेलं असायचं. "ललत, तोडी, भटियार... ते गेलं गं," पहाटे-सकाळच्या रागांची आठवण काढत ती परतताना रस्त्यात म्हणाली. "सवाईत ललत कानावर पडून किती वर्षं झाली."

म्हणून शनिवार चुकवू नका. दहानंतरचे ते दोन तास आता सवाईतली उरलेली रात्र. त्या वेळी दरबारी राग झाला. मंद्र सप्तकातला कोमल गांधार इतका सावकाश डोलला की हजारो माणसं असलेला मांडव पूर्ण गप्प होता. कुठेतरी लांबून एखादी मोटारसायकल गेली, तेवढीच. मात्र बारा वाजता सगळे एकदम बाहेर पडतात, रिक्षावाले मीटरने यायला तयार होत नाहीत. आमच्याकडे एकाने तिप्पट मागितले. चालत जाण्याच्या अंतरावर राहिल्याचा इथे फायदा झाला. नाहीतर रिक्षा आधीच ठरवून ठेवा, किंवा गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत या.

सकाळी काय करायचं हाही प्रश्न येतो. महोत्सवाच्या दिवसांत गणेशखिंड रस्त्यावरच्या सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' या नावाने संगीतावरचे माहितीपट दाखवतात आणि 'अंतरंग'मध्ये कलाकारांशी गप्पा होतात. आम्ही एक सकाळ गेलो. छोटं सभागृह, मोजकी माणसं, प्रश्न विचारायला वाव. गाणं शिकणारी मुलं बरोबर असतील तर त्यांना इथे नक्की न्या. एका मुलाने रियाजात आवाज बसतो तेव्हा काय करायचं असं विचारलं. त्याचं उत्तर ऐकायला सभागृहातले निम्मे लोक पुढे सरकून बसले.

रविवार लांबलचक असतो, बारा ते दहा. सगळं ऐकायचा अट्टहास कराल तर संध्याकाळी कान थकतात. आम्ही सारंग ऐकला, त्यानंतरचं सतारवादन ऐकलं, मग खोलीवर येऊन दीड तास झोपलो आणि दिवेलागणीला परत आलो. तुम्हीही मध्ये विश्रांती घ्या, पण बाराचा कलाकार सोडू नका आणि शेवट तर नाहीच नाही. शेवटी सवाई गंधर्वांच्या आवाजातली ध्वनिमुद्रित भैरवी लावतात. लोक उठायच्या तयारीत असतात, चपला शोधत असतात, आणि ती खरखर ऐकू आली की जिथल्या तिथे थांबतात. मावशी उभी राहिली, शाल नीट केली आणि हात जोडले. आमच्या पुढे विशीतला एक मुलगा सतरंजी अर्धी गुंडाळून तसाच वाकलेला थांबला होता. भैरवी संपेपर्यंत तो सरळ झाला नाही.

परतीची गाडी रात्री अकराची काढली होती. दहाला संपलं तरी स्वारगेटला पोचायला अर्धा तास धरा, त्याआधीची गाडी काढू नका. सातारा कधी गेलं कळलं नाही, कराडला डोळे उघडले. मिरजेत उतरलो तेव्हा पाच वाजायला आले होते, स्टँडवर चहाची गाडी नुकतीच लागत होती. रिक्षात मावशी कुडकुडत माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू, दोन्ही मध्यम लावून, गुणगुणायला लागली. ललत होता. दर्ग्याच्या वळणापर्यंत गात होती.