शपथेतले शब्द

आज बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर भाच्याची कसम परेड पाहिली. ताईला रांगेतला आपला लेक सापडेचना, सगळे एकाच साच्यातले! मी मात्र शपथ ऐकत बसलो. निष्ठा कुणाशी, तर संविधानाशी. हुकूम मानायचा राष्ट्रपतींचा आणि वरच्या अधिकाऱ्यांचा, जीव धोक्यात घालूनसुद्धा. शत्रू, विजय, सूड असला एकही शब्द नाही. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही पलटणीची घोषणा ऐकली की अंगावर काटा येतो; शपथ मात्र खरेदीखतासारखी कोरडी. (मला तो कोरडेपणाच आवडला.)

जमीन, समुद्र की हवा, जिथे पाठवाल तिथे जाईन, असंही त्यात आहे. त्या समुद्रापाशी मी अडकलो. १८५६ साली बंगालच्या फौजेत नव्या भरतीला समुद्रापार जायची अट घातली, तेव्हा धर्म बुडेल म्हणून शिपाई बिथरले होते. आज ही मिसरूड फुटलेली पोरं तो शब्द एका दमात म्हणून मोकळी.

नंतर भाच्याला विचारलं, "शपथ घेताना काय चाललं होतं रे मनात?"

"मामा, बूट चावत होता."

ताईने तोवर लाडवांचा डबा उघडला होता.