शिकेकाई, संकेश्वरी आणि नळाचं पाणी

संकेश्वरी मिरचीनं डोकं धुतलेली बाई बेळगावात बहुधा मी एकटीच असेन. पण ते पुढं. त्याआधी दोन चुका झाल्या, त्या सांगितल्याशिवाय मिरचीपर्यंत पोचता येत नाही.

मी वडगावात राहते आणि उद्यमबागेत एका कारखान्यात हिशेब बघते. शेजारीच फौंड्री. दिवसभर खिडकीतून ती बारीक काळी धूळ येते, कागदावर बसते, डब्यावर बसते, डोक्यात बसते. त्यामुळं एक दिवसाआड शाम्पू ठरलेला. केस कमरेच्या जरा वर, दाट म्हणण्यासारखे, पण हात लावला तर काथ्या. चार वर्षांत चार शाम्पू बदलले. प्रत्येक नवीन बाटलीचे पहिले आठ दिवस बरे जायचे, मग पुन्हा काथ्या आणि खाज. २०२२ च्या दिवाळीत, पहिल्या आंघोळीला आत्तींनी माझ्या डोक्यावर तेल थापलं आणि म्हणाल्या, "हे काय गे, केस हाय का केरसुणी?" आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे केस सत्तरीतही वेणी घालण्याइतके. तिथंच ठरवलं, शाम्पू बंद.

पहिली चूक म्हणजे शिकेकाईचा साबण. हिरवं वेष्टन, त्यावर शेंगांचं चित्र, मला वाटलं हेच ते. आठ दिवसांत केस मेण लावल्यासारखे झाले आणि फणीत पांढरट चिकटा साठायला लागला. आमच्या घरी वापराला बोअरचं पाणी. ते सवळ. नळाच्या तोट्यांवर पांढरे थर, गीझरची कॉईल दर दोन वर्षांनी गेलेली. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं आणि साबण त्यांच्याशी जुळला की न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जी रेघ बसते ना, तीच माझ्या केसांवर बसत होती. वेष्टनावर शेंगांचं चित्र असलं तरी साबण तो साबणच. उलट शाम्पूत असला साका होत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर शाम्पूला इतक्या शिव्या घातल्या नसत्या.

दुसरी चूक मोबाईलवर बघून केलेली. खायचा सोडा पाण्यात कालवून डोक्याला चोळायचा आणि वरून व्हिनेगरचं पाणी. पहिल्या दिवशी केस इतके स्वच्छ वाटले की मी कारखान्यातल्या दोघींना सांगूनही टाकलं. तिसऱ्या खेपेला केस तुटायला लागले. डोक्याच्या कातडीचा पीएच साधारण साडेपाच, म्हणजे किंचित आंबट. सोड्याचं पाणी आठाच्या वर. केसांवरचे खवले त्यानं उघडतात आणि केस एकमेकांत अडकून तुटतात. ज्या दोघींना सांगितलं होतं, त्यांना पुन्हा जाऊन नको म्हणून सांगावं लागलं. एक अजून टोमणे मारते.

मग शेवटी खरी शिकेकाई. रविवार पेठेतल्या काष्टौषधीच्या दुकानातून एक किलो शिकेकाई, पाव किलो रिठे, पाव किलो आवळकाठी, शंभर ग्रॅम मेथी आणि तेवढाच नागरमोथा आणला. गच्चीवर चार दिवस कडकडीत वाळवलं. रिठे फोडून आतल्या काळ्या बिया काढल्या, त्या माझ्या लेकीनं गोट्या म्हणून पळवल्या. शेजारच्या अक्का भिंतीवरून बघत होत्या. त्या कन्नड घरातल्या, आमच्याशी मराठीच बोलतात. "सीगेकाई चांगली हाय," म्हणाल्या, "पण अंटवाळ कमी घाला, केस कोरडे करतंय." अंटवाळ म्हणजे रिठा. मी मान डोलावली आणि पाव किलोच घातला.

महिना फेब्रुवारीचा. ज्याला गिरणीचा अनुभव आहे त्याला इथंच कळलं असेल. फेब्रुवारीपासून कांडपाच्या मशीनवर वर्षाच्या चटणीची रांग लागते. माझ्या पुढच्या बाईची पाच किलो संकेश्वरी होती. ब्याडगी असती तरी चाललं असतं, ती रंगाला लाल आणि तिखटाला बेताची. संकेश्वरी तशी नव्हे. गिरणीवाल्यानं मशीन झटकलं, फडक्यानं पुसलं, वर दोन मुठी तांदूळ फिरवले आणि माझं कांडून दिलं. पूड जरा तांबूस दिसली. मला वाटलं, शिकेकाईचा रंग असेल.

रविवारी सकाळी ती पूड गरम पाण्यात कालवून डोक्याला लावली. पहिलं मिनिट काही नाही. मग कानामागं, मग मानेवर, मग सगळीकडं आग. मी तांब्यामागून तांबे ओतले, तशी आग खाली उतरत गेली, पाठीवर, डोळ्यात. ओरडणं ऐकून आत्ती आल्या, वास घेतला आणि त्यांच्या लक्षात आलं. "पाणी घालू नको! थांब, मी तेल आणतो." (आमच्याकडं बायकाही 'आणतो', 'जातो' असंच म्हणतात, पुण्याच्या नणंदेला अजून हसू येतं.) अर्धी वाटी खोबरेल डोक्यावर ओतून त्यांनी फडक्यानं पुसून काढलं, पुन्हा ओतलं, पुन्हा पुसलं. मिरचीतला तिखट भाग, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आत्तींना कॅप्सेसिन माहीत नाही, पण जन्मभर ठेचा वाटलेल्या हातांना काय लावायचं हे माहीत आहे. शेवटी ते सगळं तेल काढायला काय वापरलं? शाम्पू. लेकीच्या डब्यातली एक रुपयाची पुडी.

"मी तुला सांगितलो नव्हतो, शेंगाच उकळ म्हणून?" आत्तींनी हे नंतर निदान वीस वेळा ऐकवलं. खरं तर एकदाही सांगितलं नव्हतं. पण शेंगा उकळायच्या, हे बरोबर निघालं, आणि आजतागायत मी तेच करते.

माझ्या केसांना एका वेळी आठ-दहा शेंगा लागतात, दोन रिठे (अक्कांचं ऐकून), चिमूटभर मेथी आणि आवळकाठीचे चार तुकडे. रात्री दोन तांबे पाण्यात भिजत घालायचं. लोखंडी कढईत नाही. आवळ्यातला तुरट अंश लोखंडाला लागला की पाणी काळं शाई होतं. पांढरे केस झाकायला कुणी मुद्दाम तसं करतात, पण माझी टॉवेलांची जोडी त्यात गेली. सकाळी स्टीलच्या पातेल्यात वीसेक मिनिटं उकळायचं, निवलं की हातानं कुस्करायचं आणि जुन्या पंचाच्या तुकड्यातून गाळायचं. गाळणं नीट पाहिजे. नाहीतर केसात शेंगांचा भुसा राहतो आणि ऑफिसात मान हलवली की खांद्यावर पडतो. फेस कमी येतो. फेस नाही म्हणजे मळ निघत नाही, हे डोक्यातून काढायला मला दोन महिने लागले. शेंगेतली आणि रिठ्यातली सॅपोनिन्स, म्हणजे साबणासारखं काम करणारी द्रव्यं, मळ धरतात ती फेसाच्या डोंगराशिवायही. जुने सराफ दागिने रिठ्यानं धुतात आणि रेशमी लुगडी रिठ्याच्या पाण्यात धुतात, तिथंही डोंगर लागत नाही. विणकरांच्या आमच्या भागात हे वेगळं सांगायला नको.

डोकं पुढं वाकवून धुवायचं आणि डोळे घट्ट मिटायचे. शिकेकाई डोळ्यात गेली तर तासभर लाल. नैसर्गिक आहे म्हणून डोळ्याला चालेल असं काही नसतं. संकेश्वरीही नैसर्गिकच होती.

शेवटी जास्वंदीचा पाला. दहा-बारा पानं पाण्यात चोळली की बुळबुळीत चिकट पाणी सुटतं, ते गाळून केसांच्या टोकांना लावायचं आणि दोन मिनिटांनी धुवायचं. कंडिशनर म्हणून मी आजवर जे जे विकत घेतलं त्यात याच्या तोडीचं काही नव्हतं. हे एक मी छातीठोक सांगते.

तेलाच्या बाबतीत मात्र माझं आणि आत्तींचं जुळलं नाही. त्यांचा हात वाटीभर तेलाचा. शिकेकाईला एवढं तेल निघत नाही. धुतल्यावरही केस ओशट, त्यावर उद्यमबागेची धूळ, म्हणजे संध्याकाळी डोक्यावर चिखलच. मी आदल्या रात्री एक चमचा तेलावर आले. त्याच सुमारास कोंडा सुरू झाला. आत्ती म्हणाल्या, कोरडं पडलंय, तेल वाढव. वाढवलं. कोंडा दुप्पट. महिनाभर मी लिंबू, दही, कडुलिंब सगळं करून बसले आणि मग मुकाट कातडीच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी सांगितलं, कोंड्यामागं जी बुरशी असते, मॅलासेझिया, ती डोक्यावरच्या तेलावरच जगते. तुम्ही तिला वाढून देताय. किटोकोनाझोलचा शाम्पू लिहून दिला, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. मी विचारलं, शाम्पू सोडलाय, दुसरं काही? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी शाम्पू आणला. कोंडा गेला. अजूनही थंडीत खाज सुटली की ती बाटली निघते, आणि त्याचं मला काही वाटत नाही. उपास मोडल्यासारखं वागणाऱ्या बाया मला आता कळेनाशा झाल्यात.

शाम्पू हा शब्द मुळात आपल्याकडचाच, हे मला याच काळात कळलं. हिंदीतल्या 'चाँपो'वरून, म्हणजे चेपणं. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी १८१४ साली इंग्लंडात ब्रायटनला स्नानगृह काढलं, तिथं 'शाम्पू' म्हणजे अंग चेपून देणं. बाटलीतला फेस हा अर्थ मागनं आला. आत्तींना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मी रोज शाम्पूच करून घेतो की सुनेकडनं. पाय चेप."

खरा उलगडा मात्र गणपतीत झाला. माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीकडं. तिकडच्या रानात शिकेकाईचे काटेरी वेल झाडांवर चढलेले असतात. आई लहानपणी शेंगा गोळा करायची. पाऊस तर विचारू नका. पाच दिवस तिथं होते, त्यात दोनदा डोकं धुतलं, एकदा शिकेकाईनं आणि एकदा, शेंगा संपल्या म्हणून, भावजयीच्या शाम्पूनं. दोन्ही वेळा केस रेशीम. मी चौथ्या वर्षी फेकून दिलेलाच तो शाम्पू! आरशापुढं बसून बराच वेळ केसातनं बोटं फिरवत राहिले. तिथं पागोळ्यांचं पाणी, इथं बोअरचं. चार वर्षं मी बाटल्या बदलत होते आणि बादली तीच होती.

तेव्हापासून शेवटचे दोन तांबे बोअरचे नाहीत. पावसाळ्यात गच्चीच्या पाईपखाली पिंप लावते. पहिले दोन-तीन पाऊस सोडून देते, त्यात कबुतरांचं सगळं वाहून येतं. बाकी वर्षभर नळाचं पाणी. आमच्या शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, ते बोअरपेक्षा कितीतरी मऊ. पण आमच्या गल्लीत ते रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी प्यायचं भरायचं, पाहुण्यांचं भरायचं, आणि त्यातली दोन तांब्यांची चरवी केसांसाठी बाजूला ठेवली की ह्यांचा आवाज येतो, "प्यायला हाय काय न्हायला?"

पावसाळ्यात आणखी एक अडचण, केस वाळत नाहीत आणि शिकेकाईचा ओला कुबट वास राहतो. कारखान्यात एकानं विचारलं, मॅडम, घरात पूजा होती काय? आत्ती परड्यातल्या बंबातले निखारे शेगडीत काढून वर ऊद टाकतात आणि मी केस मोकळे सोडून शेजारी बसते. वेळ जातो. सकाळी ऑफिस असलेल्या बाईला हे रोज जमणारं नाही, म्हणून मी आठवड्यातून एकदाच करते आणि मधल्या दिवसांत नुसता स्कार्फ. धूळ स्कार्फला. लेकीला मी यात ओढलेलं नाही; तिची सात वाजता शाळेची रिक्षा येते, तिला पुडीच बरी. केस गळायचे काही कमी झाले असं मी सांगणार नाही. दिवसाला पन्नास ते शंभर गळणं साधारण समजतात, माझे तेवढेच आधीही गळत असावेत, मी कधी मोजले नव्हते. काथ्या मात्र गेला.

काल नळ यायचा होता म्हणून परवा रात्री शेंगा भिजत घातल्या, काल सकाळी उकळून ठेवल्या. नळ काल आला नाही, आज दुपार झाली तरी नाही. हा काढा दोन दिवसांच्या वर टिकत नाही, पातेल्याला आता आंबूस वास सुटलाय. आत्तींनी झाकण उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "टाकू नको गे. आंबट झालंय तर आमटीत घाल."