तुम्ही विचारलंत म्हणून: फॉरेन सर्व्हिसला का नाही गेलात?

"मॅडम, आंतरराष्ट्रीय संबंधांत पीएचडी केलीत, मग फॉरेन सर्व्हिसला का नाही गेलात? आणि साताऱ्यात बसून जगाचा कसला अभ्यास?" लग्नात असो की साताऱ्याच्या पोवई नाक्यावर, हे दोन्ही प्रश्न जोडीनंच येतात.

परराष्ट्र खात्यातल्या माणसाला सरकारची बाजू मांडायची असते. मोठंच काम ते. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या राजघराण्यातले अप्पा पंत 1948 मध्ये भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला गेले, पुढे लंडनलाही उच्चायुक्त झाले. आपल्या जिल्ह्यानं अभिमान बाळगावा असा माणूस. मला मात्र सरकारची बाजू तशी का ठरली, ते शोधायचं होतं.

एमए, नेट, पीएचडी हा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. खरी शिकले ते दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. फाईलसाठी चिठ्ठी भरून द्यायची, आणि बऱ्याचदा ती 'एनटी' असा शेरा घेऊन परत येते. म्हणजे फाईल खात्याकडून इथे आलेलीच नाही. मिळालीच तर समासातली टिपणं आधी वाचायची. हरकत कुणी घेतली, ती कुणी उडवून लावली, हे तिथंच कळतं. जाहीर निवेदनात त्याचा मागमूस नसतो.

आता साताऱ्याचं. 1819 च्या तहानं ईस्ट इंडिया कंपनीनं प्रतापसिंह महाराजांना राज्य दिलं, पण बाहेरच्या सत्तांशी परस्पर व्यवहार करायचा नाही, या अटीवर. गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून 1839 मध्ये त्यांना पदच्युत केलं. आरोप कंपनीचा, निवाडाही कंपनीचाच! महाराजांचे वकील रंगो बापूजी दाद मागायला लंडनला गेले. 1847 मध्ये महाराज काशीला वारले, 1848 मध्ये राज्य खालसा झालं, तरी 1853 पर्यंत रंगो बापूजी लंडनलाच भांडत राहिले. एवढी चिकाटी मी दुसऱ्या कुठल्या वकिलात वाचलेली नाही.

म्हणून शीतयुद्धाच्या आधी मी वर्गात हा तह घेते. 2016 मध्ये हेगच्या लवादानं दक्षिण चीन समुद्राच्या वादात फिलिपिन्सच्या बाजूनं निकाल दिला आणि चीननं तो धुडकावला, हे पुढच्या तासाला सांगितलं की मुलं आपणहून विचारतात, "मग बलाढ्यानं करार मोडला, तर ठरवायचं कुणी?"

तुमच्या मुलीला हा विषय घ्यायचा असेल तर जरूर घेऊ द्या. फक्त इतिहास सोडू देऊ नका, आणि शेजारच्या एखाद्या देशाची भाषा आतापासून शिकू द्या.