बाईंची 'सापडले' वही

अमृत महोत्सवाचं निमंत्रण आलं, सोबत संपादक मंडळाची चिठ्ठी : शाळेने काय दिलं आणि आज आपण कुठे आहात, हे हजार-दीड हजार शब्दांत लिहा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत आटोपतं. छत्तीस वर्षं बँकेत कॅशवर काढली, आता निवृत्त. पहिल्याचं उत्तर म्हणजे बाई. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटल्यावर कोण, हे त्या काळातल्या कुठल्याच तुकडीला सांगावं लागत नाही. त्यांच्या गणिताबद्दल आणि छडीबद्दल इतर लिहितीलच. मला लिहायचंय ते कार्यालयाच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेल्या त्या लाल पुठ्ठ्याच्या वहीबद्दल. वरती बोरूने लिहिलेलं होतं : 'सापडले'.

वहीत सात रकाने. अनुक्रमांक, तारीख आणि तास, जागा, काय सापडलं, कुणाला, कुणी नेलं, सही. यातला 'तास' हा बाईंचा खास रकाना. नुसत्या तारखेने मालक सापडत नाही, तासाने सापडतो. मधल्या सुट्टीत टाकीपाशी मिळालेलं नाणं पाणी प्यायला वाकलेल्याच्या सदऱ्याच्या वरच्या खिशातलं असणार. तिसऱ्या तासानंतर मैदानात मिळालं तर ते पीटीला उतरलेल्या वर्गाचं, आणि तो वर्ग वेळापत्रकावरून लगेच कळतो. प्रार्थनेनंतर मिळालं तर काम अजून सोपं, कारण रांगांच्या जागा ठरलेल्या. 'जागा' या रकान्यात 'मैदान' असं लिहिलेलं बाई खोडायला लावत. मैदान केवढं! वडाच्या पारापासून किती पावलं, ते लिहायचं.

आताच्या मुलांना सांगायला हवं म्हणून लिहितो. पाच पैशांचं चौकोनी आणि दहा पैशांचं नागमोडी कडेचं नाणं अ‍ॅल्युमिनियमचं असे. पाच पैशांचं वजन अवघं दीड ग्रॅम. मातीत पडलं तर आवाज नाही आणि खिसा हलका झाल्याचंही कळत नाही. म्हणून वहीत सर्वात जास्त नोंदी याच दोन नाण्यांच्या. आठ आणे किंवा रुपया फरशीवर पडला की खणकन वाजायचा, मालक तिथल्या तिथे वाकायचा. नोटा हरवायच्या त्या बहुतेक कंपासपेटीतून. घडी करून झाकणाच्या आत ठेवलेली नोट भूमितीच्या तासाला कोनमापक काढताना बाहेर सरकते आणि दप्तर झटकलं की व्हरांड्यात पडते.

नाणं दिसलं की आधी त्यावर पाय पडतो. मग इकडेतिकडे बघणं, मग चप्पल नीट करायच्या निमित्ताने वाकणं. बाईंना हे सगळं पाठ होतं आणि त्यात त्यांना पाप दिसत नसे. पायाखाली घेतलंस, मुठीत घेतलंस, धडधडलं, इथपर्यंत काही बिघडलं नाही. आता खिडकीशी चल, असा त्यांचा हिशेब. पुढे बँकेच्या परीक्षांसाठी कायदा वाचताना कळलं की भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ खालचं एक उदाहरण जवळपास हेच सांगतं : कुणाचा आहे हे माहीत नसताना रस्त्यावर पडलेला रुपया कुणी उचलला, तर तेवढ्याने गुन्हा होत नाही. गुन्हा होतो तो नंतरच्या वागण्याने. मालक ठाऊक आहे किंवा शोधता येण्यासारखा आहे, तरी वस्तू आपलीशी केली. किंवा शोधण्याची रास्त खटपट न करता, पुरेसा काळ वाट न बघता वापरून टाकली, तर. पत्ता लिहिलेल्या पत्रात नोट मिळाली, समोरच्याच्या हातून पाकीट पडताना दिसलं, सापडलेली मौल्यवान अंगठी लगेच विकली, ही सगळी गुन्ह्याची उदाहरणं तिथेच दिलेली आहेत. १ जुलै २०२४ पासून हेच भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ झालं. शिक्षा पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी होती. आता किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं, आणि वर दंड.

आता बाईंचं जे वागणं तेव्हा आम्हाला कोरडं वाटायचं त्याबद्दल. पैसे आणून देणाऱ्याचं नाव त्या प्रार्थनेच्या वेळी कधीही घेत नसत. शेजारच्या शाळांत प्रामाणिक विद्यार्थ्याला पुढे बोलावून टाळ्या वाजवत. आपल्याकडेही एके वर्षी ते करून झालं होतं म्हणे, आणि पंधरवड्यात वहीतल्या नोंदी तिपटीने वाढल्या. मुलं घरून दहा पैसे आणून 'सापडले' म्हणून जमा करू लागली होती! त्या पैशांना मालक कुठून मिळणार? टाळ्या बंद झाल्या, नोंदी मूळ पदावर आल्या. हे ज्यांना खोटं वाटतं त्यांनी कुठल्याही प्राथमिक शाळेत आठवडाभर करून बघावं.

दुसरा नियम : वर्गात सूचना जाईल ती फक्त 'पैसे सापडले आहेत' एवढीच. किती, कुठे, कशात, हे तिन्ही सांगायचं नाही. ते मागणाऱ्याने सांगायचं. 'सायकल स्टँडपाशी पाच रुपये कुणाचे पडले?' असं विचारलं की पाच हात वर होतात, आणि त्यातले सगळेच लबाड नसतात.

ही शेवटची गोष्ट बाईंना एका पावसाळ्यात उमगली. सायकल स्टँडच्या नाल्याकडेला पाचाची एक ओली नोट मिळाली. आठवी ब मधले दोघे आले. दोघांचे पाच रुपये, दोघेही त्याच सकाळी सायकलने आलेले. नोटेचा नंबर कोण लक्षात ठेवतो? बाईंनी नोट टिपकागदाच्या दोन पानांत घालून वर जाड शब्दकोश ठेवला आणि दोघांना वेगवेगळं विचारलं : नोट ठेवली कशी होती? एक म्हणाला चौघडी. दुसरा म्हणाला सुरळी करून, वर दोरा. तासाभराने नोट काढली तर मधोमध फुलीसारख्या दोन स्वच्छ घड्या. सुरळीला अशी फुली पडत नाही. नोट पहिल्याला गेली. आमच्यासाठी प्रकरण तिथे संपलं होतं, दुसरा खोटारडा ठरला होता. बाईंनी मात्र वही उलटी केली, मागच्या बाजूचं कोरं पान उघडलं, वर 'हरवले' असं लिहिलं आणि त्या मुलाची पहिली नोंद केली : पाच रुपये, सुरळी, पांढरा दोरा. त्याचेही पाच रुपये गेलेलेच होते, दुसरीकडे कुठेतरी. ती नोट मिळाली नाही. सहीचा रकाना रिकामाच राहिला. पण त्या दिवसापासून वही दोन्ही बाजूंनी चालू झाली, आणि पैसे सापडले की आधी मागची बाजू बघायची अशी रीत पडली.

(बँकेत कॅश जास्त आली की आधी 'विविध देणी' म्हणजे हिशेब लागेपर्यंत पैसे बाजूला ठेवायच्या खात्यात टाकतात आणि मग त्या दिवसाच्या पावत्या, नोटांच्या तपशिलासह, ताडून बघतात. तत्त्व तेच. फक्त वही लाल नसते.)

सहामाहीपर्यंत कुणी आलं नाही तर पैसे कुणाचे? मुख्याध्यापकांचं म्हणणं, गरीब विद्यार्थी निधीत टाका. बाई ऐकत नसत. पैसे ज्याला सापडले त्याला, सही घेऊन परत. हा हट्ट बरोबर होता, असं मी आजही म्हणेन. पेटीत टाकायला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने दान. इंग्लंडमधला १७२२ चा एक गाजलेला खटला आहे. धुराडी साफ करणाऱ्या पोऱ्याला रत्न जडवलेला दागिना सापडला. तो त्याने सोनाराकडे दाखवायला नेला, तर सोनाराच्या माणसाने खडे काढून घेतले आणि दीड पेनी पुढे केली. न्यायालयाने ठरवलं की खरा मालक सोडून बाकी सगळ्या जगापुढे सापडणाऱ्याचा हक्क वरचढ. सोनाराने खडा हजर केला नाही, तर त्या कोंदणात बसेल असा उत्तमात उत्तम खडा धरून भरपाई द्यावी. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ दुसऱ्या बाजूने बोलतं : सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की राखणदाराची जबाबदारी आली, स्वतःच्या वस्तूइतकी काळजी घ्यायची. कलम १६८ प्रमाणे केलेल्या खटपटीसाठी दावा लावता येत नाही, पण झालेला खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून धरता येते, आणि मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मागण्यासाठी दावाही लावता येतो. जमिनीत पुरलेल्या ठेव्याचं मात्र वेगळं. १८७८ चा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांवर किमतीचा ठेवा मिळाला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. नव्या इमारतीचा पाया खणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं!

बाईंच्या पश्चात पडलेले पैसे बदलले, म्हणून थोडं आजचं. पाकीट सापडलं तर दोन माणसांसमोर उघडा, सगळं जसंच्या तसं एकत्र ठेवा, पाचशेच्या नोटांचे नंबर टिपा. पॅन कार्डावर पत्ता नसतो, आधार आणि वाहन परवान्यावर असतो. बँकेच्या कार्डामागच्या नंबरवर फोन केला तर बँक तुम्हाला ग्राहकाचा नंबर देणार नाही, पण ग्राहकाला कळवू शकते. आधारचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, आणि रकमेचा आकडा तर मुळीच नको. तिथेही पाच हात वर होतात. पोलीस ठाण्यात दिलंत तर स्टेशन डायरीत नोंद करायला सांगा आणि पोच घ्या. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या वस्तूचा मालक अज्ञात असेल तर दंडाधिकारी जाहीरनामा काढू शकतात आणि हक्क सांगायला सहा महिने मिळतात. एटीएमच्या तोंडाशी नोटा राहिलेल्या दिसल्या तर घड्याळात बघून मिनिटासकट वेळ लिहा आणि त्या बँकेला कळवा. मशीनची नोंद आणि कॅमेरा मिळून मालक बहुतेक कळतो. नोटा नेणाराही बहुधा कळतो, कारण पुढचं कार्ड बहुतेक वेळा त्याचंच असतं. बाईंचा 'तास' रकाना इथे पुन्हा भेटतो.

ओली नोट इस्त्री करू नका, टिपकागदच बरा. फाटली असेल तर वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सलग सर्वात मोठा तुकडा निम्म्याहून जास्त असला की पूर्ण पैसे मिळतात. पन्नास आणि वरच्या नोटेला ८० टक्क्यांवर पूर्ण, ४० ते ८० मध्ये निम्मे. कुठल्याही बँकेच्या शाखेत.

आणि एक धोक्याची खूण. बँकेबाहेर किंवा एसटी स्टँडवर कुणी 'काका, तुमचे पैसे पडले' म्हणालं आणि पायाशी दहा-दहाच्या चार नोटा दिसल्या, तर वाकण्याआधी बॅगेवर हात ठेवा. नोटा त्यांनीच टाकलेल्या असतात. तुम्ही वाकता त्या दोन क्षणांत सायकलच्या हँडलची पिशवी जाते. सापडल्याच्या आनंदावर उभा असलेला हा धंदा जुना आहे. नवा प्रकार फोनवरचा : 'चुकून तुमच्या खात्यात पाच हजार आले, परत पाठवा.' मेसेजवर जाऊ नका, खात्याचा उतारा बघा. खरंच आले असतील तर आपल्या बँकेला कळवून बँकेमार्फतच परत करा.

गेल्या दिवाळीत शाळेत डोकावलो. टाकी गेली, कूलर आला. सायकल स्टँडच्या जागी पेव्हर ब्लॉक. मुलांच्या खिशात नाणी नाहीत, आणि कार्यालयाच्या खिडकीला काच बसवलीय. वहीबद्दल विचारलं तर नव्या कारकुनाने रद्दीकडे बोट दाखवलं. एका कोपऱ्यात खोका आहे, त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलंय, आत डबे आणि एकेक हातमोजा. नोंद नाही, तारीख नाही, कुणीही काहीही न्यावं. वाईट वाटलं, लपवत नाही.

म्हणून महोत्सव समितीला एक विनंती. तीन दिवस गर्दी होणार, आम्ही सगळे साठीपुढचे. चष्मे, पाकिटं, कवळ्यासुद्धा हरवणार. घंटेखाली एक टेबल ठेवा आणि दोन माणसं बसवा. एकजण लिहील, दुसरा समोर मोजेल. एकट्याने पाकीट उघडायचं नाही. माईकवरून आकडा आणि रंग सांगायचा नाही. दोनशे पानी वही घ्या, पेन्सिल नको, निळी शाई. पुढून 'सापडले', उलटी करून 'हरवले'. रकाने सात. सकाळच्या सत्राला मी बसेन.